गाडी घेताय? आधी विचारा, टाकी कुठे आहे!

घरात गाडी घ्यायचं चाललंय? मग एक गोष्ट पक्की. रिव्ह्यू बघायचं काम तुमच्याच गळ्यात पडलेलं असणार. बाबांना मायलेज हवं, आईला आजी नीट चढेल-उतरेल का याची काळजी, धाकट्याला सनरूफ पाहिजे आणि तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत टचस्क्रीनचे इंच मोजत बसलाय. या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. या गाडीची पेट्रोलची टाकी नेमकी कुठे बसवलीय?

हसू नका. याच प्रश्नाच्या उत्तरावर एक अख्खी गाडी उभी राहिली. जपानमध्ये तिचं नाव ‘फिट’, आपल्याकडे ‘जॅझ’. होंडाची ही हॅचबॅक २०२३ मध्ये भारतात बंद झाली, पण फॅमिली कार कशी असावी हे समजून घ्यायचं असेल तर आजही तिच्याइतका चांगला धडा दुसरा नाही.

टाकी सरकली, जागा झाली

बहुतेक हॅचबॅकमध्ये इंधनाची टाकी मागच्या सीटखाली असते. त्यामुळे ती सीट हलवायला फारसा वाव नसतो. पाठ पुढे पाडली तरी मध्ये उंचवटा उरतो आणि लांब सामान तिरकंच राहतं.

होंडाच्या इंजिनिअरनी ही टाकी उचलून गाडीच्या मधोमध, पुढच्या सीटखाली नेली. बस्स, एवढंच! पण त्यामुळे मागची अख्खी जमीन मोकळी झाली. आता मागच्या सीटची पाठ पाडली की बैठकही खाली सरकते आणि जवळपास सपाट ओटा तयार होतो. उलट बैठक थिएटरमधल्या खुर्चीसारखी वर उचलली, की जमिनीपासून छतापर्यंत उभी जागा मिळते. कुंडीतलं उंच झाड, पुढचं चाक काढलेली सायकल, उभाच न्यायचा कूलर, सगळं त्यात मावतं. आपल्याकडे याचं नाव ‘मॅजिक सीट’. जादू वगैरे काही नाही, फक्त टाकीची जागा बदलली.

होंडाचं जुनं सूत्रच आहे, माणसाला जास्तीत जास्त जागा, यंत्राला कमीत कमी. फिट हे त्याचं सगळ्यात सरळ उदाहरण. आखूड नाक, पुढे सरकवलेली काच, मागे कमी जागा खाणारं सस्पेन्शन. बाहेरून बघाल तर गाडी चार मीटरच्या आत आणि आत बसाल तर मोठ्या सेडानइतके पाय पसरता येतात.

जपानच्या गल्लीत जन्म

ही गाडी अशी का झाली, हे तिच्या गावाकडे बघितलं की कळतं. जून २००१ मध्ये ती जपानमध्ये आली. तिथल्या निवासी गल्ल्या अरुंद. रुंदी १.७ मीटरच्या आत असेल तरच गाडी छोट्या वर्गात मोडते. शहरांतल्या अनेक यांत्रिक पार्किंगमध्ये १,५५० मिलिमीटरपेक्षा उंच गाडी शिरतच नाही. फिटची उंची होती १,५२५. म्हणजे बाहेरून वाढायला वावच नव्हता, वाढायचं तर आतूनच! वन-बीएचकेत ओट्याखाली, पलंगाखाली जागा शोधणाऱ्या आपल्या आयांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

पहिल्या फिटच्या १.३ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ स्पार्क प्लग होते. इंधन नीट जळावं आणि मायलेज वाढावं, एवढाच हेतू. २००२ मध्ये जपानमध्ये अडीच लाखांहून जास्त फिट विकल्या गेल्या. सगळ्यात छोट्या ‘केइ’ गाड्या वगळल्या, तर तिथे ३३ वर्षं टोयोटा कोरोलाच पहिल्या नंबरवर होती. तिला खाली खेचलं ते या छोट्या हॅचबॅकने.

नव्वद घोडे, पण घाई नको

आता परफॉर्मन्स. आपल्याकडच्या पेट्रोल जॅझमध्ये १,१९९ सीसीचं इंजिन होतं. हा आकडा करातून आला. चार मीटरच्या आतली लांबी आणि १,२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर गाडी ‘लहान’ ठरते आणि कर कमी बसतो. जपानमधली १.३ किंवा १.५ लिटरची इंजिनं म्हणूनच इथे बसली नाहीत.

ताकद ९० पीएस, टॉर्क ११० न्यूटन-मीटर. ब्रोशरमध्ये बरं दिसतं, पण आकड्याच्या शेजारचा आकडा वाचायला शिका. हा टॉर्क पूर्ण मिळतो ४,८०० आरपीएमला. म्हणजे इंजिन चांगलं फिरवलं तरच ते खुलतं. शहरात गाडी लोण्यासारखी चालते, हायवेवर लय पकडते. पण पाच माणसं, एसी चालू आणि समोर वरंधा घाट असेल, तर गिअर खाली घ्यावाच लागतो. २०१५ नंतरच्या दीड लिटर डिझेल जॅझचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर होता, त्यामुळे तिला ही अडचण कमी. कंपनीने तेव्हा सांगितलेलं मायलेज मॅन्युअल पेट्रोलचं १८.७ आणि डिझेलचं २७.३ किलोमीटर. रोजच्या ट्रॅफिकमध्ये त्याहून कमीच मिळणार, हे गृहीत धरा.

सुरक्षेचं म्हणाल, तर जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत जॅझला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तीन स्टार मिळाले.

मग आपल्याकडे चालली का नाही?

इथे गोष्ट आपल्यावर येते. २००९ मध्ये जॅझ भारतात आली तेव्हा किंमत सात लाखांच्या आसपास होती. ‘एवढे पैसे द्यायचे तर डिकीवाली गाडी नको का?’ हा आपला तेव्हाचा प्रश्न. २०११ मध्ये कंपनीने किंमत दीड लाखाहून जास्त उतरवली, मागणी वाढली आणि त्याच वर्षी थायलंडच्या महापुराने सुट्या भागांचा पुरवठा अडला. २०१३ मध्ये विक्री थांबली.

२०१५ मध्ये ती पुन्हा आली, यावेळी डिझेलसह आणि ३५४ लिटरची डिकी घेऊन. मॅजिक सीट मात्र फक्त वरच्या व्हेरिएंटना. त्याच वर्षी बलेनो आली. २०१७ मध्ये होंडानेच जॅझचा सांगाडा थोडा उंच करून, बाहेर काळं प्लास्टिक लावून डब्ल्यूआर-व्ही आणली. जॅझचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, हिचा १८८. आतली गाडी बरीचशी तीच, पण दिसायला एसयूव्ही. २०१८ च्या नव्या जॅझमधून तर मॅजिक सीटच काढून टाकली! जे तिचं खरं वैशिष्ट्य, तेच गेलं. पुढे डिझेल गेलं आणि २०२३ मध्ये जॅझही गेली. जपानमध्ये मात्र २०२० ची चौथी पिढी हायब्रिड होऊनही मधली टाकी आणि उचलणारी सीट टिकवून आहे.

दोष फक्त कंपनीचा? की आपलाही? उचलणारी सीट फोटोत दिसत नाही. सनरूफ दिसतं. रीलमध्ये टाकायला उंच बॉनेट बरं वाटतं. पण हप्ता पाच-सात वर्षं भरायचा असतो आणि रोज आत बसायचं असतं.

सेकंडहँड बघताय?

पहिल्या पगारात नवी गाडी झेपत नसेल तर जुनी जॅझ पर्याय आहेच, पण डोळे उघडे ठेवून. मॅजिक सीट हवी असेल तर कागदावरच्या नावावर जाऊ नका, स्वतः सीट उचलून बघा. सुरुवातीच्या जॅझ ताकाता एअरबॅगसाठी परत बोलावल्या होत्या. त्या वर्षांतली गाडी असेल, तर चासी नंबर देऊन ते काम झालंय का हे होंडाकडे तपासा. ऑटोमॅटिक असेल तर सीव्हीटीचं ऑइल कधी बदललं, याची नोंद मागा.

आणि गाडी कुठलीही असो, शोरूममध्ये गेलात की स्टिअरिंगकडे धावू नका. आधी मागच्या दारातून आत शिरा. आजीला बसवून बघा, आईला उतरवून बघा. सीट पाडा, उचलून बघा. मग सेल्समनला शांतपणे विचारा, ‘टाकी कुठे आहे हो?’ तो गोंधळला तरी चालेल. तुम्ही गोंधळू नका.