नेवाळीची धावपट्टी

कल्याण-मलंगगड रस्ता आणि काटई-बदलापूर रस्ता एकमेकांना छेदतात तो नेवाळी नाका. रिक्षा, डंपर, टपऱ्या आणि धूळ. अंबरनाथकरांचे इथून रोजचे येणे-जाणे. जवळच्या भातखाचरांत दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, हे बाहेरच्या अनेकांना कळले ते २०१७ साली, जाळपोळीच्या बातम्यांतून.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि मुंबई बंदराची चिंता वाढली. कल्याणच्या आसपास ब्रिटिशांचा लष्करी पसारा वाढला तो या युद्धकाळात. फाळणीनंतर इथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पत्त्यातले ‘कॅम्प नंबर चार’ अजून त्या छावणीचेच. नेवाळी आणि शेजारच्या गावांची जमीनही युद्धाच्याच धांदलीत गेली. पण छावणीचे शहर झाले, तसे धावपट्टीचे काही झाले नाही. युद्ध सरले, विमाने गेली आणि शेतकऱ्यांनी पुन्हा नांगर धरला.

इथे प्रवासी विमाने उतरवायचा विचारही झाला. खारफुटीच्या प्रश्नावर नवी मुंबई विमानतळ अडला होता, तेव्हा २०१० मध्ये कल्याणचा पर्याय चर्चेत आला. त्याच नोव्हेंबरात नवी मुंबईला पर्यावरण मंजुरी मिळाली आणि विषय मागे पडला. बरेच झाले म्हणायचे; मलंगगडाचे सुळके इतके जवळ असताना मोठी विमाने इथे आणायची म्हणजे धाडसच.

एकाच धावपट्टीवर लष्कर आणि नागरिक नांदू शकतात, हे पुण्याच्या लोहगावने दाखवले आहे. १९३९ पासूनचा हा तळ हवाई दलाचा. सुखोई तिथूनच उडतात आणि प्रवासी विमानेही. मालक कोण, याबद्दल मात्र शंका नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी प्रवासी वाहतूक चौदा दिवस बंद राहिली. लोकांनी कुरकुर केली आणि मुंबईची वाट धरली.

नेवाळीत वाद मालकीचाच आहे. जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत करा, असे शेतकरी म्हणतात. ती रीतसर संपादित आहे, असे संरक्षण खाते म्हणते. नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली ती नेमकी पेरणीच्या तोंडावर. खाचरात उतरायचे दिवस आणि समोर भिंत! २२ जून २०१७ रोजी रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, छर्रे झाडले गेले. पोलीसही जखमी झाले, शेतकरीही.

सुरक्षेसाठी नौदलाला जागा लागत असेल, तर तसे सांगावे. पण आधी संपादनाची मूळ कागदपत्रे गावांसमोर ठेवावीत, शेतकऱ्यांसमक्ष मोजणी करावी आणि ज्याचे देणे निघेल त्याला ते द्यावे. भिंत त्यानंतर.