काचेच्या पेटीतला समुद्र

समुद्राचे पाणी कोणी गाळत नाही की बदलत नाही. असंख्य मासे, खेकडे, शिंपले त्यात जगतात, मलमूत्र टाकतात, मरतात आणि कुजतात. तरीही प्रवाळबेटांजवळचे पाणी नितळ असते. तेच पाणी शंभर लिटरच्या काचपेटीत भरून त्यात चार मासे सोडले, तर काही आठवड्यांत काचेवर आधी तपकिरी आणि मग हिरवा थर चढू लागतो. असे का व्हावे? आणि त्यावर उपाय कोणता?

घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यांना पडणारा हा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पेटीत रोज काय शिरते आणि बाहेर काय जाते, याचा हिशेब मांडला पाहिजे.

पेटीत शिरते ते मुख्यतः माशांचे खाद्य. त्यातील प्रथिनांत नत्र असते. प्रथिने पचली की मासे अमोनिया तयार करतात आणि तो कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य कुजले तरी अमोनियाच तयार होतो. अमोनिया माशांना घातक आहे. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते. त्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो. अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या, उदासीन पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त राहतो. म्हणून खाऱ्या पेटीत थोडी हयगयही माशांच्या जिवावर बेतते.

या संकटातून मासे वाचतात ते जीवाणूंमुळे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जीवाणू मातीतून वेगळे करून त्यांचे कार्य सिद्ध केले. पेटीतली वाळू, दगड आणि गाळणी यांवर त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई करू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जीवाणूंनाही मारते. म्हणून ते काढून टाकल्याशिवाय नळाचे पाणी वापरू नये.

येथे अनेकांना वाटते की काम संपले. पण नायट्रेट नाहीसे झालेले नसते. ते पाण्यातच साठते, आणि नायट्रेट म्हणजे वनस्पतींचे खत! खाद्यातूनच आलेले फॉस्फेट त्याच्या जोडीला असते. खत, पाणी आणि दिव्याचा प्रकाश एकत्र आल्यावर शैवाल उगवणारच.

थोडे गणित

समजा, तुम्ही रोज १ ग्रॅम कोरडे खाद्य घालता. त्यात ४५ टक्के, म्हणजे ४५० मिलिग्रॅम प्रथिने आहेत. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणजे नत्र झाले ७२ मिलिग्रॅम. नायट्रेटच्या ६२ भारात नत्राचा भार १४ असतो. म्हणून ७२ ला ६२ ने गुणून १४ ने भागले की सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट मिळते. शंभर लिटर पाण्यात ही भर दर लिटरला ३.२ मिलिग्रॅम होते, तीही रोज. महिन्याची भर झाली ९६ मिलिग्रॅम. काही नत्र माशांच्या अंगात मुरते, हे खरे. पण पूर्ण वाढलेल्या माशांत तो भाग थोडाच असतो. याउलट प्रवाळबेटांजवळच्या पाण्यात नायट्रेट लिटरला एक मिलिग्रॅमही नसते.

आता दरमहा २० टक्के पाणी बदलून पाहू. पहिल्या महिन्याअखेर ९६ चे ७७ होतात. दुसऱ्या महिन्यात त्यात ९६ मिळून १७३ होतात. पाणी बदलल्यावर १३८ उरतात. हा आकडा चढतच जातो आणि ४८० च्या जवळ जाऊन स्थिरावतो. त्या वेळी पाचवा हिस्सा काढला की ९६ जातात, आणि पुढल्या महिन्यात तेवढेच पुन्हा येतात. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलले, तरी हा आकडा ११० च्या आसपास पोहोचतो. म्हणजे पाणी बदलणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

मग काचेवरचे शैवाल खरवडून पाण्यातच सोडले तर? ते कुजून त्याचे पुन्हा खत होते. शैवाल खाणारे शंख सोडले, तर काच स्वच्छ दिसते. परंतु शंखांची विष्ठा पाण्यातच राहते. मोरचुदासारखे तांब्याचे क्षार शैवालाला मारतात खरे, पण शंख आणि कोळंबी यांनाही मारतात. मेलेले शैवाल कुजते ते वेगळेच. या सर्व उपायांत एकच उणीव आहे: खत पेटीबाहेर गेलेलेच नाही.

खत बाहेर काढायचे तीन चांगले मार्ग आहेत.

पहिला मार्ग फेसाचा. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांसरशी पिवळसर फेस साचलेला तुम्ही पाहिला असेल. पाण्यातील अनेक सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर दुसरे पाणी टाळते. असे रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर गोळा होतात. ‘प्रोटीन स्किमर’ नावाचे साधन एका नळीत बारीक बुडबुडे सोडून हा फेस वर चढवते आणि वेगळ्या भांड्यात जमवते. मळ कुजून अमोनिया होण्यापूर्वीच बाहेर निघतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून ही युक्ती तेथे चांगली साधते. गोड्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात.

दुसरा मार्ग पुन्हा जीवाणूंचा. सच्छिद्र दगडाच्या आत किंवा वाळूच्या जाड थराच्या तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथील काही जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्रवायू मोकळा करतात. तो हवेत निघून जातो. यासाठी सच्छिद्र चिनीमातीचे तुकडे चालतात. समुद्रातून प्रवाळ मात्र कधीही उचलू नयेत; वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून आपल्या देशात त्यांना संरक्षण आहे.

तिसरा मार्ग काट्याने काटा काढण्याचा! शैवाल वाढणारच असेल, तर ते आपल्याला हवे तेथे वाढवावे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी जाळ्यांवर मुद्दाम शैवाल वाढवून प्रवाळांच्या मोठ्या पेटीचे पाणी शुद्ध केले. घरी याच तत्त्वावर एका वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या दिव्याखाली, कीटोमॉर्फासारखे तंतुमय शैवाल वाढवतात आणि दर आठवड्याला त्यातील मूठभर काढून टाकतात. त्या मुठीबरोबर नत्र आणि फॉस्फरस दोन्ही बाहेर जातात. त्या कप्प्यातला दिवा रात्री लावला, तर शैवाल रात्री कार्बन डायऑक्साइड शोषते आणि पाण्याचा सामू फारसा घसरत नाही.

काढलेले शैवाल खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. मत्स्यालयांत वाढवलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगत अनेक ठिकाणी ते पसरले.

करून पाहा

काचेच्या तीन बरण्यांत तळ्याचे पाणी सारखेच भरा. पहिलीत काही घालू नका. दुसरीत आणि तिसरीत बागेच्या मिश्रखताची एकेक चिमूट घाला. पहिल्या दोन बरण्या खिडकीत ठेवा आणि तिसरी बंद कपाटात. दोन ते तीन आठवडे रोज रंगाची नोंद करा. कोणती बरणी सर्वांत हिरवी झाली? कपाटातल्या बरणीत खत असूनही काय घडले? हाच प्रयोग नकळत आपण आपल्या तलावांवरही करीत असतो. तुमच्या गावच्या तलावात सांडपाणी कोठून येते, ते शिक्षकांबरोबर जाऊन पाहा आणि तेथील पाण्याचा रंग आपल्या बरण्यांशी ताडून बघा.