‘गंधवानी’त अक्षरं किती?

धार जिल्ह्यातलं गंधवानी. हे नाव पहिलीतल्या मुलाला मोजायला सांगा. तो बोटांवर मोजेल: गं, ध, वा, नी. चार. हेच नाव जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला देऊन त्याची ‘लेंग्थ’ विचारली, तर उत्तर येतं ७.

यंत्र चुकलेलं नाही, ते अक्षरं मोजतच नाही. युनिकोडनं देवनागरीला १२८ घरं दिली आहेत आणि त्यांत अनुस्वार, काना, वेलांटी यांचीही स्वतंत्र घरं आहेत. जावास्क्रिप्ट मजकूर १६ बिटांच्या खणांत ठेवते आणि खण मोजते. ग, अनुस्वार, ध, व, काना, न, वेलांटी: झाले सात.

नवशिक्यांना हमखास मिळणारा सराव म्हणजे शब्द उलटा करणं. खण सुटे करायचे, क्रम फिरवायचा, पुन्हा जोडायचे. इंग्रजीत हे बिनबोभाट जमतं. गंधवानीचं मात्र ‘नीवाधगं’ होत नाही. वेलांटी सुरुवातीलाच निराधार उभी राहते, काना ‘व’ला सोडून ‘न’ला चिकटतो आणि ‘ग’वरचा अनुस्वार ‘ध’वर जाऊन बसतो. अर्जातल्या रकान्याला सहाची मर्यादा घातली, तर चार अक्षरांचं गाव ‘गंधवान’ होऊन बसेल. माणसाचं नावही असंच कापलं जाऊ शकतं, आणि ते मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

शेजारच्या बडवानीची अडचण निराळी. हिंदीत तिथल्या ‘ड’खाली नुक्ता येतो. तो ‘ड’ एका खणात लिहिता येतो, किंवा ‘ड’ आणि नुक्ता अशा दोन खणांत. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण तुलना केली तर यंत्र दोन्ही नावं वेगळी ठरवतं आणि शोधात गाव सापडत नाही. त्यासाठी तुलनेआधी ‘नॉर्मलाइज’ करावं. ‘गन्धवानी’ आणि ‘गंधवानी’ मात्र त्यानंही एक होत नाहीत. त्यांना एक मानण्याचा नियम आपणच लिहायचा.

धार-देवास ही पूर्वी मराठा पवारांची संस्थानं होती. मराठ्यांच्या कारभाराची मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तीही दूरच्या घरांत. तिथल्या प्रत्येक चिन्हाला दोन खण लागतात. देवनागरीत ‘धार’ तीन खणांचं, मोडीत सहा.

माणसासारखं मोजायला जावास्क्रिप्टमध्ये आता ‘सेगमेंटर’ आहे. देवास जिल्ह्यातल्या क्षिप्रा नदीचं नाव त्याला द्या. खण आठ. जुन्या नियमानं तुकडे चार पडत: क्, षि, प्, रा. २०२३ मध्ये युनिकोडनं जोडाक्षरांचा नियम सुधारला. तो पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये उत्तर येतं दोन: क्षि, प्रा.