खुडूक कोंबडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विक्रोळीच्या पश्चिमेस, पार्कसाइट आणि सूर्यानगरच्या टेकडीउतारावर जी बैठी घरे दाटीने उभी आहेत, त्यांपैकी ज्यांच्या मागील दारी चार-सहा गावठी कोंबड्यांचे खुराडे असेल, त्या घरांत वर्षातून एकदा तरी ही फिर्याद निघाल्यावाचून राहत नाही, की कोंबडी जागची उठत नाही, पिसे फुलवून गुरगुरते, हात नेला तर चोच मारते आणि अंडी देणे तिने साफ बंद केले आहे. तिला काही रोग जडला असावा, हा पहिला तर्क. आणि तोच पहिला गैरसमज.

खुडूक बसणे ही व्याधी नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागले, की अंडाशयाचे कार्य थांबते आणि उबवण्याची ओढ बळावते. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श होत राहिला, तर या स्रावास आणखी पुष्टी मिळते. रोजची अंडी रोज उचलणे हा म्हणूनच पहिला बंदोबस्त होय. आजारी कोंबडी निस्तेज होऊन पडते. खुडूक कोंबडी अंगावर धावून येते, हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुरे.

कोंबडा नसेल तर कोंबडी खुडूक होत नाही, असेही पुष्कळ जण समजतात. प्रत्यक्षात तिला फलित आणि अफलित यांचा विवेक नसतो; अंडे नसले तरी रिकाम्या पेटीतही ती ठाण मांडते. बाजारातील अंडी तिच्याखाली ठेवून पिल्लांची वाट पाहणे मात्र व्यर्थ, कारण व्यापारी केंद्रांत अंड्यांवरच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवलेलाच नसतो. त्या कोंबड्या बहुतेक लेगहॉर्न वंशाच्या असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यातून ही उबवण्याची वृत्ती जवळजवळ नाहीशी केलेली आहे. खुडूक होणे हे कोंबडीच्या हलकेपणाचे लक्षण, हा समज बहुधा तेथूनच उपजला असावा. असील जातीची उत्तम आई पाहिलेला मनुष्य तो मान्य करणार नाही.

सर्वांत निंद्य गैरसमज इलाजांविषयीचे आहेत. कोंबडीला थंड पाण्यात बुडवावे, नाकपुड्यांतून पीस आरपार ओवावे, दोन दिवस उपाशी कोंडावे, हे उपाय वडीलधाऱ्यांच्या तोंडून मोठ्या खात्रीने सांगितले जातात. त्यांत क्रौर्य आहे आणि प्रयोजन काहीच नाही. पोटाखालची ऊब आणि घरटे ही दोन्ही तुटली, म्हणजे प्रोलॅक्टिन आपोआप उतरते. यास्तव तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा जमिनीपासून थोडा उंच, हवेशीर आणि उजेडाच्या जागी ठेवून, दाणापाण्याची पूर्ण तजवीज करून, तीन-चार दिवस तिला त्यात ठेवणे एवढेच पुरते. सोडल्यावर ती पुन्हा पेटीकडे धावली, तर मुदत वाढवावी.

पिल्ले हवी असतील तर गोष्ट निराळी. खरे नुकसान करते ती धरसोड: दोन दिवस बसू द्यायचे, तिसऱ्या दिवशी हुसकायचे, पाचव्या दिवशी मन द्रवून अंडी ठेवायची. बसवायचेच तर दहा-बारा ताजी, कोंबडा असलेल्या कळपातील अंडी एकाच वेळी ठेवून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसरीने मागाहून घातलेले अंडे ओळखून काढता येते. दिवसाकाठी एकदा ती पंधरा-वीस मिनिटे खाली उतरून खाते-पिते. तेवढ्याने अंडी गार होऊन नासत नाहीत. विजांच्या कडकडाटाने अंडी वाया जातात, ही समजूतही निराधार आहे. पावसाळ्यात खरी भीती गळक्या छपराची, ओल्या गवताची आणि रात्री येणाऱ्या घुशींची. त्यांचा बंदोबस्त आधी करावा.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडे धरावे. आत शिरांचे जाळे दिसले तर ते जिवंत आणि स्वच्छ पिवळसर दिसले तर फुकट. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले निघतात. तेविसावा दिवस उलटूनही जे कवच फुटले नाही, ते अंडे उचलून टाकावे.