पेडणे-डिचोलीची कावी आपल्या भिंतीवर

नव्या घरात फर्निचर लागलं की प्रश्न उरतो भिंतींचा. परदेशी चित्रांच्या प्रिंट्स आता सहज मिळतात. स्पेनच्या होआकिन सोरोया (1863–1923) या चित्रकाराने रंगवलेलं व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरचं ऊन तर कुणालाही भुरळ घालील. याच सोरोयाने 1911 ते 1919 या काळात न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीसाठी 14 भव्य चित्रफलक केले आणि त्यांत स्पेनच्या प्रांताप्रांतातले पोशाख, सण आणि कष्टकरी माणसं रंगवली. त्याच्याकडून घेण्यासारखं आहे ते हे प्रांताचं प्रेम. गोव्यातल्या घराला असा प्रांताचा रंग हवा असेल, तर तो पेडणे आणि डिचोलीच्या देवळांत आहे. ती म्हणजे तिथल्या भिंतींवरची आपली कावी कला.

डिचोली 1781 मध्ये, तर पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं. तोवर देवळं पाडण्याचा काळ मागे पडला होता. त्यामुळे उशिरा जिंकलेल्या या मुलखातली, म्हणजे नव्या काबिजादींतली, देवळं आपापल्या जागी टिकली आणि त्यांच्याबरोबर भिंतींवरची कलाही. मोरजीचं मोरजाई देऊळ आणि अडवलपालचं शर्वाणी देऊळ ही तिची ओळखीची ठिकाणं.

कावीत रंग दोनच, लाल आणि पांढरा. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ यांचं मिश्रण मुरवून, कुटून त्याचा गिलावा भिंतीवर चढवतात. त्यावर काव म्हणजे तांबड्या मातीचा पातळ थर देतात. थर ओला असतानाच लोखंडी कोरणीने नको तेवढी लाली खरवडून काढली की खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि चित्र उमटतं. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटाई होते. जवळ जाऊन पाहिलं तर पांढरी रेघ लालीपेक्षा किंचित खोल असते. तिरप्या उजेडात तिच्या कडेला बारीक सावली पडते आणि सपाट भिंत जिवंत होते.

म्हणूनच प्रिंटसाठी फोटो काढताना समोरून फ्लॅश मारू नये. सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा उजेड गाठावा. देवस्थान समितीची परवानगी आधी घ्यावी. छापताना चकचकीत कागद टाळून मॅट कागद निवडावा आणि आधी लहानसा नमुना छापून बघावा, कारण कावीची लाली छपाईत चटकन नारिंगी होते. देवादिकांचे प्रसंग देवघराजवळ किंवा दिवाणखान्यात शोभतात. जिना, व्हरांडा आणि जेवणाच्या खोलीसाठी वेलबुट्टी, कमळं आणि भौमितिक पट्टे घ्यावेत. चार लहान चौकटींपेक्षा एक लांबलचक पट्टा अधिक उठून दिसतो. मागची भिंत पांढरी किंवा फिकट ठेवावी.

आपल्याकडचा पाऊस प्रिंटचा वैरी. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नये. काच आणि कागद यांच्यात माउंटची फट असावी, फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना रबरी बटणं लावून हवा खेळती ठेवावी. पाऊस सरला की फ्रेम उतरवून मागे बुरशी आहे का ते पाहावं. थेट ऊन तर कोणत्याच प्रिंटला सोसत नाही.

ऐपत असेल तर प्रिंटवर न थांबता कलाकाराकडून मूळ काम करून घ्यावं. चित्रकार सागर नाईक मुळे यांनी कावीसाठी चालवलेल्या धडपडीचा उल्लेख पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये केला होता. घराच्या भिंतीवर अशी कला नवलाची नाही. स्पेनच्याच सेगोविया शहरात चुन्याचे थर खरवडून केलेली नक्षी साध्या घरांच्या दर्शनी भिंतींवर आजही दिसते. तंत्र कावीच्या जवळचंच. ते शहर त्या नक्षीसाठीही ओळखलं जातं.

आपल्याकडे मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात कावीवर ऑइल पेंट चढतो, टाइल्स बसतात, आणि खरवडलेली रेघ कायमची जाते. देवळाची भिंत गेली तर घरातली प्रिंट ही फक्त आठवण उरेल. म्हणून गावोगावच्या महाजनांना आणि देवस्थान समित्यांना कळकळीची विनंती: पुढच्या जीर्णोद्धाराचा ठराव करण्याआधी जाणकाराला बोलवा, कावीच्या प्रत्येक भिंतीची नोंद करा, आणि तिला हात लावू नका.