काशी, द्वारका, अयोध्या: माणसांच्या नावातली गावे

हिंगोली जिल्ह्यात, आणि एकूणच मराठवाड्यात, जुन्या पिढीतल्या बायकांची नावे म्हणजे तीर्थयात्रेचा नकाशाच: काशीबाई, द्वारकाबाई, मथुराबाई, अयोध्याबाई, गयाबाई, प्रयागबाई. यांपैकी अयोध्या, मथुरा, काशी आणि द्वारका या मोक्षदायी मानलेल्या सात पुऱ्यांतल्या. देवाचे किंवा तीर्थाचे नाव लेकराला दिले की हाक मारता मारता पुण्य जोडले जाते, ही त्यामागची श्रद्धा. मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारून तरलेल्या अजामिळाची कथा तेच सांगते. ज्या काळात काशीयात्रा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती, त्या काळात या नावांचे मोल निश्चितच अधिक असणार. लग्नात नाव बदलण्याच्या रिवाजामुळे एखादीला सासरी नवेच तीर्थ मिळे.

पुरुषांच्या वाट्याला बहुधा नगरी नव्हे, तिचा स्वामी येतो: काशीनाथ, पंढरीनाथ, द्वारकानाथ. चीनमध्ये रुग्णसेवा करणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच परंपरेतले. औंढ्याच्या ज्योतिर्लिंगामुळे हिंगोलीच्या परिसरात नागनाथ, नागोराव ही नावे घरोघर रुळली. नर्सीत मात्र उलटे घडले. संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या या गावालाच ‘नर्सी नामदेव’ म्हणू लागले.

पाश्चात्त्य देशांत पॅरिस, सिडनी अशी नावे हौसेने ठेवतात. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमचा 1999 साली जन्मलेला मुलगा ब्रुकलिन. आपल्याकडे ‘बाई’ गळाली, पण उज्जैनचे जुने नाव ‘अवंतिका’ आजही मुलींना आवडीने ठेवले जाते.