आजोबा ट्रान्झिस्टर गोल का फिरवायचे? पुणे आकाशवाणीच्या आठवणींमागचं तंत्रज्ञान

घरातल्या मोठ्यांना एकदा विचारून बघा, "सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी काय असायचं?" पुण्याकडचे असतील तर पटकन उत्तर येईल, "प्रादेशिक बातम्या!" त्या बातम्यांवर घड्याळ लावलं जायचं, डबे भरले जायचे.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. १९५५ च्या रामनवमीला इथूनच 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६ गाणी. आजच्या भाषेत सांगायचं तर वर्षभर चाललेली वेब सीरिजच! फरक एवढाच, की एपिसोड चुकला तर 'नंतर बघू' म्हणायची सोय नव्हती. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्याकडे शेजारी जमायचे.

गावागावात आवाज कसा पोचायचा?

पुणे केंद्राचा मीडियम वेव्हवरचा आकडा ७९२ किलोहर्ट्झ. या लहरीची लांबी जवळपास ३७९ मीटर भरते. इतकी लांब लहर जमिनीला धरून पसरते, त्यामुळे डोंगरापलीकडच्या गावातही आवाज पोचायचा. रात्री तर लांबलांबची स्टेशनं मध्येच घुसायची. कारण दिवसा वातावरणाचा एक वरचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात.

मग रेडिओ फिरवायचा कशाला?

ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. हाच मीडियम वेव्हचा अँटेना. कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी असेल तर आवाज खणखणीत, टोक स्टेशनकडे वळलं की खरखर. आजोबांना हे भौतिकशास्त्र माहीत असो वा नसो, रेडिओ कुठल्या कोपऱ्यात कसा ठेवायचा हे त्यांना बरोबर कळायचं.

तुमच्या फोनचं काय?

फोनमध्ये ही कांडी नसते, म्हणून मीडियम वेव्ह लागत नाही. एफएम लागू शकतं. १०१ मेगाहर्ट्झची लहर फक्त ३ मीटरची असते, तिला पकडायला इयरफोनची वायर पुरते. म्हणूनच वायर लावल्याशिवाय फोनमधला रेडिओ चालू होत नाही. ब्लूटूथ इयरबड्सचा इथे उपयोग नाही! एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण लहर साधारण सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की ती अडते.

अॅपवरचा रेडिओ ही वेगळीच गोष्ट आहे. 'न्यूज ऑन एअर' अॅपवर आकाशवाणीची केंद्रं ऐकता येतात, अगदी परदेशात बसूनसुद्धा. पण तिथे आवाज इंटरनेटवरून येतो. ६४ केबीपीएसने तासभर ऐकलं तर साधारण २९ एमबी डेटा जातो. शिवाय आवाज काही सेकंद उशिरा येतो, त्यामुळे त्यावर घड्याळ लावू नका.

हे फक्त आठवणींपुरतं नाही

पुरात, वादळात मोबाईल टॉवर बंद पडला की अॅप गप्प. खरा रेडिओ मात्र चालू राहतो, कारण त्याला फक्त दूरवरचा ट्रान्समीटर आणि तुमची बॅटरी लागते. म्हणूनच २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना फोनमधलं एफएम बंद ठेवू नका, अशी सूचना केली. अनेक फोनमध्ये एफएमची सोय चिपमध्ये असते, पण वापरायलाच मिळत नाही. त्यात हेडफोन जॅक गेला की अँटेनाही गेला.

पुढचा फोन घेताना कॅमेऱ्यासोबत 'एफएम रेडिओ' ही ओळही तपासा. आणि माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर असेल तर खाली काढा, सेल घाला आणि रात्री हळूहळू फिरवून बघा. कांडीची करामत स्वतःच्या कानांनी ऐकाल.